आधी ठिणगी की आधी कार्बोरेटर?

कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० उभ्या उभ्या थरथरायला लागली की बेळगावात पहिला सल्ला मिळतो तो कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) साफ करायचा. मला तो पटत नाही. आधी स्पार्क प्लगची, म्हणजे पेट्रोल पेटवणारी, ठिणगी बघावी.

इंजिनाला तीनच सिलिंडर. त्यातला एक पेट घेत नसेल तर गाडी ठरावीक तालात झटके देते. इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीनं प्लगच्या वायरी एकेक करून क्षणभर काढा (उघडा हात लावू नका, जबर शॉक बसतो). जी काढूनही आवाज बदलत नाही, त्या सिलिंडरात दोष. मग तो प्लग खोला. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे कमी. ठिणगी उडते ती टोकाची गॅप ०.७ ते ०.८ मिमी हवी. खानापूर-जांबोटीच्या पावसात डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) टोपीत ओल धरते. ती नुसती कोरडी पुसली तरी पुष्कळदा गाडी सुधारते.

पेट्रोल कमी पडत असेल तर लक्षण वेगळं. गावात गाडी बरी चालते, पण गोव्याहून येताना चोर्ला घाटाच्या चढाला दम सोडते. झटके नसतात, ताकदच ओसरत जाते. तिथं आधी फिल्टर, मग पंप, कार्बोरेटरमधलं जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) सगळ्यात शेवटी.

आमच्या गाडीचा कार्बोरेटर दोनदा खोलला गेला. दरवेळी सेटिंग हललं, पेट्रोल जास्त जळायला लागलं. शेवटी दोष निघाला तडकलेल्या प्लग वायरीत.