आदर्श उपविधी की स्वतःचे एकत्रित? नगरपरिषदेपुढचे दोन मार्ग

सातारा-सांगलीतल्या एखाद्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत सगळे उपविधी, म्हणजे नगरपरिषदेचे स्थानिक नियम, एका पुस्तकात आणायचा विषय सभेपुढे आला, की दोन मार्ग दिसतात. शासनाने तयार करून दिलेले नमुन्याचे नियम, म्हणजे आदर्श उपविधी, स्वीकारायचे, किंवा 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या चौकटीत स्वतःचा एकत्रित मसुदा करायचा.

त्याआधी पुस्तकात काय घालायचं नाही ते ठरवा. बांधकामाला 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तो विषय उपविधीत ओढू नका. पाचगणी-महाबळेश्वर मात्र गिरिस्थान आणि पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र असल्याने त्या नियमावलीबाहेर आहेत. तिथल्यांनी आपले वेगळे नियम तपासावेत.

आदर्श उपविधींचा मोठा फायदा म्हणजे मसुदा कायद्याच्या कसोटीवर आधीच उतरलेला असतो. घनकचऱ्याचंच घ्या: 2016 च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक संस्थांना एका वर्षात उपविधी करायला सांगितलं होतं. अशा विषयात शून्यापासून लिहिणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण परिशिष्टातल्या रिकाम्या जागा, म्हणजे शुल्क, दंड, कचरा देण्याच्या वेळा, सभेच्या ठरावातच भरून घ्या. त्या तशाच राहिल्या तर पावती कोणत्या दराने फाडायची, याला उत्तर नसतं. आणि मूळ कलमात फेरफार केला, तर ‘जसेच्या तसे स्वीकारले’ असं म्हणता येत नाही. पुढची वाट स्वतःच्या उपविधींचीच.

ती वाट लांब आहे. मसुदा प्रसिद्ध करा, हरकती-सूचना मागवा, त्यांवर निर्णय घ्या, सभेचा ठराव करा, मंजुरीला पाठवा, राजपत्रात छापा. अडतं ते बहुतेक हरकतींवर. नुसतं ‘हरकती विचारात घेतल्या’ असं इतिवृत्तात लिहून भागत नाही. तक्ताच करा: कलम, हरकत, कार्यालयाचा अभिप्राय, सभेचा निर्णय. ठराव बेकायदेशीर वाटला, तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, हेही लक्षात असू द्या.

दुसरी खोच नक्कल करण्यात आहे. सांगली-मिरज-कुपवाडला 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. तिथल्या मसुद्यात ‘महानगरपालिका’ खोडून ‘नगरपरिषद’ लिहिलं, तरी नगरपरिषदेत नसलेला ‘आयुक्त’ कुठेतरी उरतोच. मग अधिकार मुख्याधिकाऱ्यांचा की कोणाचा, हा वाद वकिलाच्या हाती आयता सापडतो.

शेवटचं कलम घाईत लिहू नका: ‘निरसन व व्यावृत्ती’, म्हणजे जुनं रद्द करणं आणि त्याखाली झालेलं राखून ठेवणं. जुने उपविधी रद्द, एवढंच लिहिलं तर चालू परवाने, बजावलेल्या नोटिसा, थकलेली फी यांचं काय, हा प्रश्न उभा राहतो. रद्द होणारा प्रत्येक उपविधी नाव, ठराव क्रमांक आणि राजपत्राच्या तारखेसह परिशिष्टात लिहा. तारीख सापडत नसेल तर आधी जुनी दप्तरं काढा, मसुदा थांबू द्या.

आमचा कौल: कचऱ्यासारख्या विषयात आदर्श उपविधी, कलमांना हात न लावता. आठवडी बाजार, जत्रेतली तात्पुरती दुकानं, स्थानिक सभागृहाचं भाडं यांसाठी स्वतःचे, पण विषयवार वेगळे. सगळं एका ठरावात बांधलं, तर बाजाराच्या एका कलमावरची हरकत अख्खं पुस्तक अडवून ठेवते. बांधणी एकत्र करायची असेल, तर मंजुरीनंतर करा. मजकूर मराठीत, आणि प्रत्येक उपविधीच्या माथ्यावर त्याचा स्वतःचा ठराव क्रमांक.