मुंबईतील घरात फ्लाय बांधताना: पिसे की कृत्रिम तंतू, नेलपॉलिश की यूव्ही रेझिन?

गळाच्या (मासा अडकवणाऱ्या आकड्याच्या) सरळ दांडीवर धाग्याने पिसे, केस किंवा कृत्रिम तंतू बांधून तयार केलेले हलके आमिष म्हणजे फ्लाय. ते कसे बांधावे याचे बहुतेक मार्गदर्शन थंड, नितळ पाण्यातील ट्राउट मासा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. मुंबईत गरवणाऱ्याच्या वाट्याला मात्र भरती-ओहोटीने ढवळलेले खाडीचे पाणी आणि त्यातील जिताडा, तांब, रावस येतात, किंवा मग तलावातील तिलापिया आणि मरळ. नितळ ओढ्यातील ट्राउट बारीक किड्याच्या नकलेत पंखाची लांबी चुकली तरी तोंड फिरवतो. गढूळ खाडीतला जिताडा आकार, हालचाल आणि पाण्यात उठणारा हेलकावा यांवर धावून येतो. म्हणूनच परदेशी यादी समोर ठेवून सगळे साहित्य मागवण्यापूर्वी काही पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहणे गरजेचे आहे.

पिसे आणि केस की कृत्रिम तंतू

खरा निर्णय इथेच आहे. नैसर्गिक साहित्याची बाजू हालचालीत भक्कम ठरते. टर्कीच्या मऊ पिसांपासून मिळणारे मॅराबू पाण्यात श्वास घेतल्यासारखे हलते आणि संथ तलावात तिलापियासाठी बांधलेल्या लहान फ्लायला त्याच्या तोडीचा कृत्रिम पर्याय माझ्या पाहण्यात नाही. गावठी कोंबड्याची पाठीवरची लांब पिसेही लहान माशाच्या आकाराच्या फ्लायसाठी उत्तम असतात; गावठी कोंबडी विकणाऱ्या दुकानदाराला आधी सांगून ठेवले तर ती मिळू शकतात. ब्रॉयलरची पिसे मात्र घेऊ नयेत, कारण तो पक्षी इतक्या लहान वयात कापला जातो की त्याची पिसे पुरती वाढलेलीच नसतात. घरी आणलेली पिसे साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत, नाहीतर एका पिशवीतली कीड सगळ्या डब्यात पसरते. (घरच्यांची परवानगी हा या कृतीतला सर्वांत अवघड टप्पा होय.)

नैसर्गिक साहित्याला कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. जुन्या पद्धतीच्या सॅमन फ्लायमध्ये सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरची पिसे वापरत असत. हा पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे ओळखीच्या माणसाने गावाहून ती पिसे आणून दिली तरी घेऊ नयेत. हरणाच्या केसांबाबतही हीच काळजी घ्यावी. परदेशी फ्लायमध्ये सर्रास दिसणारे बकटेल हे उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे केस असतात आणि ते मागवले तर प्राणिज वस्तू म्हणून पार्सल कस्टममध्ये अडकण्याची शक्यता राहते. मोराने आपोआप गाळलेली पिसे देशात वापरता येतात, परंतु त्यांच्या निर्यातीवर बंदी असल्याने मोरपिसाच्या तुऱ्यांनी बांधलेली फ्लाय परदेशातल्या मित्राला भेट म्हणून पाठवू नये. ते तुरे वापरताना धाग्याभोवती पीळ देऊन गुंडाळावेत; एकेकटे गुंडाळले तर पहिल्याच माशाच्या दातांनी तुटतात.

कृत्रिम तंतूंचे पारडे खाडीसाठी जड आहे. ते पाणी धरून ठेवत नाहीत, म्हणून बोटभर लांबीची फ्लायसुद्धा पाण्याबाहेर काढताच हलकी होते आणि दोरी फेकताना दंडावर ताण येत नाही. खाऱ्या पाण्याने ते कुजत नाहीत, त्यांना कीड लागत नाही आणि ते शहरातच मिळतात. भुलेश्वरच्या जरी आणि लेसच्या दुकानांतील चकचकीत पॉलिस्टरची जर परदेशी फ्लॅशच्या (फ्लायला चमक देणाऱ्या तंतूंच्या) जागी सहज चालते. खऱ्या धातूची जर मात्र टाळावी, कारण ती खाऱ्या हवेत काळी पडते. गंगावनातील सरळ कृत्रिम केसही मोठ्या फ्लायसाठी वापरता येतात, फक्त ते कडक असल्याने थोडेच घ्यावेत.

कृत्रिम तंतूंचा दोष त्यांच्या टोकांत आहे. नैसर्गिक केस टोकाला आपसूक निमुळता होतो, तर कापलेला तंतू बोथट राहतो आणि फ्लाय कुंचल्यासारखी दिसू लागते. यावर उपाय असा, की तंतूंची जुडी दोन्ही हातांत धरून हलके ओढावी आणि पुन्हा एकत्र करावी, म्हणजे टोके मागे-पुढे होतात. त्यानंतरची छाटणी कात्री आडवी न धरता तंतूंच्या दिशेने धरून करावी. दुसरा दोष म्हणजे लांब, मऊ तंतू फेकताना गळाच्या वळणाभोवती गुंडाळले जातात. त्यासाठी शेपटीची लांबी गळाच्या दांडीच्या दुपटीपेक्षा फार जास्त ठेवू नये, किंवा खाली थोड्या कडक केसांचा आधार द्यावा.

दोन्ही साहित्यांतील फरक अनुभवायचा असेल तर एकच फ्लाय दोन्हींनी बांधून पाहावी आणि त्यासाठी क्लाउझर मिनो योग्य ठरते. पेनसिल्व्हेनियातील बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये स्मॉलमाउथ बास या माशासाठी ती तयार केली. तिच्यात डंबेलच्या आकाराचे जड डोळे दांडीच्या वरच्या बाजूला बांधतात, त्यामुळे पाण्यात गळ उलटा होतो, त्याचे टोक वर राहते आणि तळाच्या खडकात किंवा कालवांत तो कमी अडकतो. डोळे गळाच्या नेढ्यापासून दांडीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन घट्ट बांधावेत. केस किंवा तंतू कोणतेही असोत, नवशिका हमखास जास्त घेतो. जितके पुरेसे वाटतात त्याच्या निम्मे घ्यावेत. विरळ फ्लाय लवकर बुडते आणि पाण्यात अधिक जिवंत दिसते.

माझा कौल असा: खाडी आणि समुद्रासाठी धड व शेपटी कृत्रिम तंतूंची ठेवावी, तलावासाठी मॅराबू आणि गावठी कोंबड्याची पिसे घ्यावीत, आणि महागड्या निवडक हॅकलवर (कोंबड्याच्या मानेच्या किंवा पाठीच्या खास पिसांवर) पैसे घालू नयेत.

डोके पक्के करणे: नेलपॉलिश, झटपट गोंद की यूव्ही रेझिन

फ्लायचे डोके म्हणजे नेढ्यालगतचे धाग्याचे शेवटचे वेढे; ते सुटू नयेत म्हणून त्यांवर थर देतात. फ्लाय बांधण्याचे काम बरेच जण पावसाळ्यात काढतात, कारण त्या महिन्यांत खवळलेल्या समुद्रामुळे खडकांवर जाणे धोक्याचे असते. नेमक्या याच दिवसांत हवेतील दमटपणा घात करतो. पारदर्शक नेलपॉलिश स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि कोरड्या दिवसांत चांगले कामही देते. पण त्यातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर बसते आणि थर दुधाळ, अपारदर्शक होतो. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद मुळात हवेतील ओलाव्यामुळेच घट्ट होतो, त्यामुळे जुलैत तो झपाट्याने बसतो, परंतु आजूबाजूला पांढरी भुकटी सोडतो आणि बसल्यावर ठिसूळ होतो. तो डोळ्यांच्या वेढ्यांखाली एक थेंब, आतल्या आत, इतकाच वापरावा.

यूव्ही रेझिन द्रावक उडून वाळत नाही, यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाने घट्ट होते, त्यामुळे पावसाळ्यात ते सर्वांत भरवशाचे आहे. किंमत जास्त आहे, शिवाय योग्य यूव्ही टॉर्च लागतो. नोटा तपासण्यासाठी विकला जाणारा दुबळा टॉर्च वापरला तर वरचा थर चिकट राहतो. असा चिकटपणा स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतो. रेझिन जाड एकाच थरात न देता पातळ दोन थरांत द्यावे, कातडीला लागू देऊ नये, टॉर्चकडे थेट पाहू नये आणि बाटली खिडकीपासून दूर ठेवावी. पावसाळ्यात बांधणार असाल तर रेझिनवरचा खर्च सार्थकी लागतो; ऑक्टोबरनंतर सुरुवात करणाऱ्याने खुशाल नेलपॉलिशवर भागवावे.

व्हाइस

गळ धरून ठेवणाऱ्या या पकडीत दोन निवडी असतात. टेबलाच्या कडेला आवळायचा की जड पायाचा, आणि स्थिर की फिरणारा. मुंबईच्या घरात जेवणाचे टेबल घडीचे किंवा काचेचे असते, त्यावर कड आवळता येत नाही. म्हणून जड पायाचा व्हाइस सोयीचा. फिरणाऱ्या प्रकारात गळाची दांडी अक्षावरच फिरते आणि फ्लायची दुसरी बाजू पाहता येते. ही सोय छान आहे, पण सुरुवातीला अनिवार्य नाही. जबड्यांच्या पोलादाकडे मात्र तडजोड नको: स्वस्त व्हाइसचे मऊ जबडे १/० किंवा २/० मापाच्या जाड गळावरून घसरतात आणि धागा ताणताना गळ निसटतो.

धागा आणि गळ

शिवणाचा पॉलिस्टर धागा चालतो, परंतु तो गोल आणि जाड असल्याने डोके फुगते. बांधणीचा धागा चपटा बसतो: खाडीच्या मोठ्या फ्लायला २१० डेनिअर (धाग्याच्या जाडीचे माप), तलावातील लहान फ्लायला ७० डेनिअर. उजव्या हाताने बांधणाऱ्याने मधूनमधून बॉबिन (धाग्याचे रीळ धरणारे साधन) घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की पीळ सुटून धागा अधिक सपाट होतो. नेढ्यामागे नेढ्याइतकी जागा सुरुवातीपासून मोकळी राखावी. डोके नेढ्यावर चढणे हा नवशिक्यांच्या फ्लायमधला सर्वाधिक आढळणारा दोष आहे.

गळाच्या बाबतीत कार्बन पोलाद अधिक टोकदार व स्वस्त, तर स्टेनलेस पोलाद गंजाला दाद देत नाही. तलावासाठी पहिला, खाडीसाठी दुसरा. गळावरचा उलटा काटा पकडीने दाबायचा असेल तर तो बांधण्याआधीच दाबावा, कारण ठिसूळ गळ मोडलाच तर मेहनत तरी वाया जात नाही. खाडीवरून परत आल्यावर वापरलेल्या फ्लाय गोड्या पाण्यात बुचकळून पंख्याखाली रात्रभर वाळवाव्यात आणि मगच नव्या फ्लायच्या डबीत ठेवाव्यात. बंद डबीत एक ओली फ्लाय राहिली तरी शेजारच्या कार्बन पोलादाच्या गळांवर गंज चढतो.