शेवटच्या सहा सेकंदांसाठी ठेवलेला गडी

मी जुनी पोस्टकार्डं जमवतो. सगळी नाही, फक्त देवळालीची. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली. पोस्टाची तिकिटं कागदावर उतरताना बघण्यातच नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर तिकीट चिकटवलेल्या कार्डांचा नाद लागला. नाद म्हणजे आमच्या घरचा शब्द. मी त्याला संग्रह म्हणतो.

देवळालीची जुनी कार्डं देवळालीत मिळत नाहीत, इंग्लंडात मिळतात. १८६१ पासून देवळालीला गोऱ्या सोल्जरांचा कॅम्प होता. मुदत संपलेले सैनिक घरी जायच्या बोटीची वाट बघत तिथे महिनोन् महिने पडून असत. बोटी सुटायच्या हिवाळ्यात. शेवटची हुकली की पुढच्या हंगामापर्यंत उन्हात बसायचं. काहींची डोकी फिरली. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ शब्द आला, म्हणजे येडा झालेला. पूर्ण शब्द ‘डूलाली टॅप’, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. तर या कंटाळलेल्या पोरांनी आईला, बहिणीला पाठवलेली कार्डं आता पणतवंडं माळा आवरताना काढतात आणि ईबे या लिलावाच्या साइटवर लावतात. आपल्याकडचं ईबे इंडिया २०१८ मध्ये बंद झालं, पण ब्रिटनच्या साइटवर खातं चालतं. माल भाच्याच्या लेस्टरच्या पत्त्यावर जातो आणि तो डिसेंबरात येताना घेऊन येतो.

अडचण घड्याळाची. तिकडचे विकणारे लिलाव रविवारी संध्याकाळी आठच्या सुमारास संपेल असा लावतात, कारण तेव्हा गिऱ्हाईक घरी असतं. तिकडचे आठ म्हणजे इकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. सोमवारी पहाटे पाचला आमच्याकडे पाणी येतं आणि मोटर लावायचं काम माझं. दोन वर्षं मी हे केलं: मोबाइल हातात, चष्मा डोळ्यावर, पंखा बंद, कारण त्याच्या आवाजानं हिला जाग येते. एकदा सव्वा मिनिट राहिलं असताना लाइट गेली आणि वायफाय गेलं. एकदा वीस सेकंद उरले असताना ॲपनं पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. पासवर्ड टाकेपर्यंत कार्ड साडेसहा पौंडांना दुसऱ्याचं झालं होतं.

म्हणून स्नायपिंगची, म्हणजे शेवटच्या सेकंदांत आपल्या वतीनं बोली लावणारी, सेवा घेतली. त्याचा हा अनुभव. सेवेचं नाव लिहीत नाही. शोधलंत तर अशा पाच-सहा सापडतील, काम सगळ्यांचं एकच, आणि पुढे मला एक तक्रारही करायची आहे.

काम असं. ईबेवरच्या वस्तूचा नंबर तिथे टाकायचा, जास्तीत जास्त किती देणार तो आकडा टाकायचा आणि किती सेकंद आधी बोली लावायची ते सांगायचं. आपण झोपायचं. ठरल्या सेकंदाला त्यांचा सर्व्हर आपल्या खात्यातून बोली टाकतो. सकाळी मेल येतो: मिळालं, नाही मिळालं, किंवा भाव तुमच्या आकड्याच्या आधीच वर गेला म्हणून बोली टाकलीच नाही. ईबेच्या नियमात हे बसतं. भाचा म्हणाला, मामा, ही चीटिंग नाही का? त्याला म्हटलं, बोली लावायची शेवटची वेळ त्यांनीच ठरवली आहे, मी फक्त ती पाळतो.

पण शेवटच्या सेकंदाला बोली लावून स्वस्तात मिळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी थोडं थांबावं. ईबेवर आपण लावतो ती बोली नसते, मर्यादा असते. मी २० पौंड लिहिले आणि दुसऱ्याची मर्यादा ११ असेल, तर मला साडेअकराला पडतं. वरचे साडेआठ माझे मलाच राहतात. म्हणजे दुसऱ्यापेक्षा एक पायरी वर, बस. पाच ते पंधरा पौंडांपर्यंत पायरी अर्ध्या पौंडाची, पुढे साठपर्यंत एक पौंडाची. मग मंगळवारी २० लिहिले काय आणि रविवारी लिहिले काय, फरक काय पडतो? कागदावर काहीच नाही. फरक माणसांमुळे पडतो.

माझं पहिलं मोठं कार्ड सांगतो. देवळालीच्या बराकी, पुढे दोन झाडं, झाडाखाली एक कुत्रं. सुरुवात २.९९. मी मंगळवारी ८ लिहून मोकळा झालो. बुधवारी एक जण आला. ईबे नावं झाकतं, म्हणून तो मला ‘जी*९’ एवढाच माहीत आहे. त्यानं ५ लावले, हरला. सहा, हरला. सात, आठ... उंदीर कुरतडतो तसं थोडं थोडं कुरतडत तो माझी मर्यादा शोधून वर गेला. आता माझं डोकं फिरलं. हा कोण माझ्या गावाच्या कार्डावर? मी १२ केले, त्यानं कुरतडलं; १६ केले, त्यानं कुरतडलं. शेवटी मला ते बावीस पौंडांना पडलं, वर टपाल आणि बँकेचा परदेशी चलनाचा आकार. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, तुम्हीच हिशेब करा. आणि पाच महिन्यांनी तेच कार्ड, तीच झाडं, तेच कुत्रं, दुसऱ्या विक्रेत्याकडे ४.२० ला गेलं. मी ते बघत बसलो. घ्यायचंही सुचलं नाही.

माझा थोरला भाऊ निफाडकडे कांदा करतो. लासलगावच्या लिलावाला त्याच्याबरोबर मी कितीदा गेलोय. ट्रॉलीभोवती व्यापारी उभे, एक जण क्विंटलचा भाव पुकारतो, दुसरा वाढवतो, आणि कोणी वाढवेनासं झालं की सौदा पक्का होतो. तिथे घड्याळ नसतं. शेवटच्या क्षणी ओरडून फायदा नाही, कारण तुम्ही ओरडलात की क्षण शेवटचा राहतच नाही, समोरच्याला पुन्हा तोंड उघडायची मुभा असते. ईबेचं उलटं: आठ वाजून चौदा मिनिटं सात सेकंद म्हणजे तेवढेच, मग मधे कोणी तडफडत असलं तरी. अ‍ॅमेझॉननं लिलाव चालवले तेव्हा नियम कांद्यासारखा ठेवला होता, शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटांनी वाढायची. आल्विन रॉथ आणि आक्सेल ऑकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये या दोन साइटींची तुलना छापली. शेवटच्या घटकेला उड्या मारणारे ईबेवरच जास्त निघाले. रॉथना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी.

तर सहा सेकंद आधी बोली पडली की जी*९ ला कुरतडायला वेळ उरत नाही. एवढाच स्नायपिंगचा फायदा. तोही स्नायपिंग करणारा असेल तर दोघांच्या मर्यादा अंधारात भिडतात आणि ज्याची मोठी, त्याला कार्ड मिळतं. मी २३.५७ लिहिले आणि त्यानं ३१ लिहिले, तर ते त्याला २४.५७ ला जातं, मी कितीही उशिरा येवो.

शेवटचे ५७ पेन्स कशाला, असं हिनं विचारलं होतं. माणसं गोल आकडे लिहितात: १५, २०, २५. दोघांचा आकडा सारखा झाला तर आधी लावणाऱ्याला मिळतं, आणि स्नायपिंगवाला नेहमीच नंतरचा. म्हणून पुढे थोडी चिल्लर लावायची.

आता सेवेबद्दल. वापरायला सोपी, दिसायला दरिद्री. पान वीस वर्षांपूर्वीचं वाटतं, कडेला जाहिराती. फुकटातली आवृत्ती आहे, पैसे भरले तर तीच बोली दुसऱ्या सर्व्हरवरूनही जाते. मी पहिलं वर्ष फुकटात काढलं, मग भरले. सगळ्यात कामाची सोय गटाची. एकाच कार्डाच्या तीन प्रती तीन विक्रेत्यांकडे असतील तर तिन्ही एका गटात टाकायच्या. एक मिळाली की बाकीच्या दोन आपोआप रद्द. ही सोय नसती तर माझ्याकडे देवळाली स्टेशनाची चार कार्डं झाली असती. दोन आहेत, ती गटाच्या आधीची.

दुसरी गोष्ट, बोली आत जाईपर्यंत ती फक्त माझी असते. गुरुवारी भरलेला आकडा शनिवारी पुसता येतो. ईबेवर थेट लावलेली बोली अशी सहज मागे घेता येत नाही. एका कार्डाचा मागचा फोटो विक्रेत्यानं शनिवारी टाकला. त्याच्या वर्णनात ‘एडवर्डच्या काळातलं’, म्हणजे १९१० पर्यंतचं, होतं, पण तिकीट पंचम जॉर्जचं, आणि शिक्क्यावरचं साल १९२६ नंतरचं. म्हणजे बहुधा आमच्या प्रेसमध्ये छापलेलं. आधीची तिकिटं लंडनहून यायची. कार्ड घेतलं, पण आकडा निम्मा केला. आमच्या प्रेसचं तिकीट असावं म्हणून तो शून्य केला नाही, एवढंच.

तक्रार अशी. गेल्या वर्षीची वही समोर आहे: ४१ कार्डांवर आकडे लावले, १७ मिळाली, २२ आकड्याच्या वर गेली, दोन बोली पडल्याच नाहीत. त्यातली एक माझी चूक, आदल्या दिवशी ईबेचा पासवर्ड बदलला आणि यांना कळवायचं राहिलं. दुसरी त्यांची. मी हौसेनं तीन सेकंद ठेवले होते, बोली उशिरा पोचली, आणि देवळाली बाजाराचं कार्ड पाच पौंडांना गेलं. माझा आकडा १६ होता. त्यांना मेल टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं की फुकटातल्या खात्याला हमी नाही. तेव्हाच पैसे भरले आणि पुन्हा सहा सेकंदांवर आलो.

आणि पासवर्डचं. आपल्या ईबे खात्याची किल्ली परक्याच्या हातात द्यावी लागते. मी पासवर्ड वेगळा ठेवलाय, इतर कुठे वापरत नाही, आणि पैसे दर वेळी हातानं भरतो. तरी हे ज्यांना झोंबतं त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांचं म्हणणं खोटं नाही.

आकडा कसा ठरवायचा, हे सेवा सांगत नाही आणि तिचं ते कामही नाही. मी ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ उघडतो, मागच्या तीनेक महिन्यांचे भाव दिसतात. देवळाली इंग्रजीत लोक पाच प्रकारे लिहितात, एल कधी एक कधी दोन, कधी शेवटी ई, म्हणून पाची प्रकारे शोधतो. चुकीच्या स्पेलिंगचं कार्ड स्वस्तात सुटतं, कारण जी*९ बहुधा बरोबर स्पेलिंगच शोधतो. मग गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर, पोट भरलेलं असताना, आकडा लिहितो. सोमवारी कळलं की एक पौंड जास्त असता तर मिळालं असतं, तर हळहळ वाटेल का? वाटणार असेल तर पौंड वाढवतो. नसेल तर वही मिटतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बाजाराच्या कार्डासाठी. ते कार्ड परत कधी येईल, माहीत नाही. त्यात डावीकडे एका दुकानाची पाटी आहे आणि मला ती भिंगातून वाचायची होती.

आज रविवार आहे. रात्री १२ वाजून ४१ मिनिटांनी एक कार्ड संपतंय: एक आण्याचं लाल एडवर्डचं तिकीट, पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळी, बोट अजून आली नाही एवढं लागतं. आकडा गुरुवारी भरलाय. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला आहे. किती लावले ते लिहीत नाही, जी*९ ला मराठी येत असेल तर काय घ्या.