अँकी ॲप रिव्ह्यू: मोडी शिकणाऱ्याच्या नजरेतून

अँकीचं नाव काढलं की लोकांना मेडिकलची पोरं आठवतात, नाहीतर जपानी-जर्मन शिकणारी. मी ते मोडी लिपीसाठी वापरतेय, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच अंगाने आहे, एमपीएससीसाठी कसं वापरायचं वगैरे इथे मिळणार नाही. आणि सोबत थोडं शिकण्याच्या थिअरीबद्दलही बोलणार आहे कारण मला वाटतं हे ॲप चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, ते शिकण्याच्या कुठल्या भागासाठी बनलंय ते कळलं की मगच त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. अँकी म्हणजे फ्लॅशकार्डचं ॲप. पुढे प्रश्न, मागे उत्तर, उत्तर आठवायचं, कार्ड उलटायचं आणि मग अगेन, हार्ड, गुड, इझी यातलं एक बटण दाबायचं. आठवलं तर ते कार्ड उद्या, मग तीनचार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने असं लांब लांब जात राहतं, नाही आठवलं की परत जवळ येतं. डेमियन एल्म्स नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने स्वतः जपानी शिकताना 2006 साली हे काढलं, ओपन सोर्स आहे, कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवरही फुकट. बास एवढंच आहे, दिसायलाही तसंच आहे, म्हणजे करड्या रंगाची खिडकी आणि त्यात यादी. कॉन्फेटी उडत नाही, ड्युओलिंगोसारखं घुबड येऊन रडत नाही. मला हे आवडतं पण बऱ्याच जणांना उघडल्या उघडल्या वाटतं की हे 2006 सालातच राहिलंय.

आता मोडी. ज्याने कधी मोडी कागद बघितलेला नाही त्याला सांगायचं तर आधी पानभर शिरोरेघा ओढून घेतलेल्या असतात आणि त्यांना खालून अक्षरं लटकवलेली असतात, बोरू फारसा न उचलता एकातून दुसरं असं ओढत नेलेलं, दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम नाही. र तर शेजारी कोण बसलंय त्याप्रमाणे आपलं रूप बदलतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत लोक हे सहज वाचायचे आणि आज आपण त्यांच्याच जमिनीचे कागद हातात धरून ढिम्म बसतो. 2023 पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून तर मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आलाय, क्लासेसना गर्दी आहे.

सुरुवातीला काय होतं की ही सगळी अक्षरं म्हणजे नुसती वेटोळी असतात. अर्थ शून्य. आणि नेमकं इथे अँकी भारी चालतं, ते का चालतं त्याचं कारण थेट हरमान एबिंगहाउस या जर्मन माणसापर्यंत जातं. त्याने 1885 साली स्मरणावर पुस्तक काढलं, त्यातले सगळे प्रयोग स्वतःवरच केलेले, निरर्थक अक्षरजोडांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती शिल्लक राहतं ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त धुपून जातं आणि नंतर धूप मंदावते, हा तो प्रसिद्ध उतरता आलेख. आणि एकदम बसून घोकण्यापेक्षा तीच उजळणी दिवसांत पसरली तर कमी कष्टात काम होतं हेही त्यानेच दाखवलं. पुढे 1970 च्या दशकात लाइटनर नावाच्या पत्रकाराने पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे करून हेच केलं, मग पोलंडच्या वोझ्नियाकने 1987 मध्ये त्याचं गणित कॉम्प्युटरवर बसवलं आणि अँकी बरीच वर्षं त्याच गणितावर चाललं. 2023 च्या शेवटी त्यात एफएसआरएस नावाचं नवीन गणित आलं, ते तुमचा स्वतःचा विसरण्याचा वेग तुमच्याच जुन्या उत्तरांवरून काढतं. सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, फरक जाणवतो.

आपल्याकडे संध्याकाळी दिवा लावल्यावर परवचा म्हणायची पद्धत होतीच की, तीही पसरलेली उजळणीच. फक्त परवच्यात बे दुणे चार येणारा पोरगा रोज बे दुणे चारच म्हणायचा आणि एकोणतीसच्या पाढ्याला अडखळणाराही तेवढाच वेळ अडखळायचा. अँकी येतं ते पुढे ढकलतं आणि अडतं ते समोर आणून ठेवतं. माझ्या मते शिकण्यात टेक्नॉलॉजीने केलेलं खरं काम एवढंच आहे, हिशोब ठेवणं, आणि ते काही कमी नाही कारण हा हिशोब माणसाला ठेवता येत नाही.

अजून एक. अक्षरतक्ता भिंतीला लावून रोज बघणं आणि कार्डावर एक अक्षर बघून आठवायचा प्रयत्न करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोघांचा 2006 चा प्रयोग आहे, मुलांना उतारे दिले, काहींनी परत परत वाचले, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तक्ता बघताना सगळं येतंय असं वाटत राहतं ना, ते हेच. कार्ड मात्र तोंडावर सांगतं की बाई तुला येत नाहीये.

गंमत म्हणजे हे सगळं करणारं यंत्र स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात बनवलेलं होतं. खिडकीत प्रश्न दिसणार, मुलाने उत्तर कागदाच्या पट्टीवर लिहायचं, खटका सरकवला की बरोबर उत्तर उघडं होणार आणि ताडून बघून बरोबर आलं की नाही ते त्यानेच नोंदवायचं. अँकी म्हणजे तेच, फक्त खिशात मावतं. मी अँकीड्रॉइडमधला, म्हणजे अँकीच्या अँड्रॉइडवरच्या ॲपमधला व्हाइटबोर्ड चालू ठेवते, पुढे देवनागरी अक्षर, बोटाने स्क्रीनवर मोडी अक्षर काढायचं आणि मग उलटायचं. ओळखणं एक आणि काढता येणं एक, हाताने काढलेलं अक्षर कागदावर लवकर ओळखू येतं हा माझा अनुभव आहे.

माझं सगळ्यात लाडकं कार्ड दाखवते. पुढच्या बाजूला कागदातून कापलेली फोटोची पट्टी, त्यावर मोडीत लिहिलंय इहिदे सितैन मया व अलफ. हे पेशवाईच्या कागदांतलं सुहूर सन, अरबी आकडे, आणि उलट्या क्रमाने म्हणजे आधी एकक. मागच्या बाजूला उत्तर: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1161. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला बदलतं, तर झालं 1760-61. पानिपतचं साल! हे आकडे म्हणजे इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असं चालू होणारी सरळसोट यादी आहे, यात समजून घेण्यासारखं काही नाही, पाठच करायला लागते, आणि अशा गोष्टीला अँकीसारखं दुसरं काही नाही. तसंच छ म्हणजे चंद्र आणि त्याच्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख, मग ते महिने, मग मापं, मग कागदातल्या शब्दांचे संक्षेप. सगळं कार्डात घाला, डोळे मिटून.

आणि मग एक दिवस अख्खं पत्र समोर येतं आणि अँकी हात वर करतं.

हे नीट सांगायला पाहिजे कारण इथेच लोक वैतागून ॲपला एक स्टार देऊन जातात. सगळी अक्षरं पक्की आहेत, कार्डं महिना महिना लांब गेलीत, आणि तरी शिवकालीन राहू दे, साधं उत्तर पेशवाईतलं पत्र वाचता येत नाही. कारण एबिंगहाउसने मुद्दाम निरर्थक गोष्टी निवडल्या होत्या, अर्थाची भेसळ नको म्हणून. यावरच केंब्रिजच्या बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये बोट ठेवलं, की बाबा माणूस असं शिकतच नाही, तो नवीन गोष्ट आधीच्या ओळखीच्या साच्यात बसवून लक्षात ठेवतो. त्याने इंग्रज लोकांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक गोष्ट वाचायला दिली आणि नंतर सांगायला लावली तर त्यांनी त्यातल्या कनूची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होडीची, साधी बोट करून टाकली.

मोडी वाचन हे पूर्ण बार्टलेटच्या गल्लीतलं काम आहे. अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री, मग नाव, मग गोसावी यांसि, हा मायना एकदा ओळखीचा झाला की पहिल्या दोन ओळी अक्षर न बघता वाचल्या जातात. मग विनंती उपरी आलं की आता मजकूर सुरू हे कळतं, जाणिजे आलं की संपत आलं. जुने जाणकार भराभर वाचतात ते अक्षरं जोडून वाचत नाहीत, पुढे काय येणार हे त्यांना आधीच माहीत असतं, अक्षर फक्त हो किंवा नाही म्हणायला. आणि याच सवयीचा धोकाही आहे, तो कनूवाला, अनोळखी गावाचं नाव आलं की आपण ओळखीचं गाव करून वाचतो आणि छातीठोकपणे सांगतो. चॅटबॉटला मोडीचा फोटो दिला तर तोही हेच करतो, फक्त जास्त आत्मविश्वासाने. तुमच्या खानदानी कागदाचं वाचन त्याच्यावर सोडू नका एवढंच सांगते.

हा मधला पूल कुठलंही ॲप बांधून देत नाही. त्याला शेजारी बसणारा माणूस लागतो ज्याला आपल्यापेक्षा थोडं जास्त येतं आणि जो पूर्ण ओळ न सांगता नुसतं म्हणतो की इथे आडनाव नाही, महिन्याचं नाव शोध. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने हे मागच्या शतकात सांगून ठेवलंय, एकट्याने जमतं आणि कुणाच्या मदतीने जमतं यामधल्या पट्ट्यात खरं शिकणं होतं. अँकी कायम एकट्याच्या बाजूला उभं आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारखी जागा 1910 पासून आहे, ज्यांना जवळ आहे त्यांनी अशा ठिकाणी जाऊन माणसांत बसून वाचावं, लांबच्यांनी निदान एखादा ग्रुप शोधावा जिथे एकच कागद सगळे मिळून वाचतात.

तरी अँकीकडून या बाबतीत थोडं जास्त काम काढता येतं. इमेज ऑक्लुजन म्हणून एक प्रकार आता ॲपमध्येच येतो, अख्ख्या पत्राचा फोटो टाकायचा आणि त्यातला एक शब्द पट्टीने झाकायचा. म्हणजे आजूबाजूच्या ओळी वाचून झाकलेला शब्द काढायचा, अक्षर सुटं राहत नाही. हे कॉम्प्युटरवर बसून करा, फोनवर जीव जातो. युनिकोडमध्ये मोडी 2014 पासून आहे, फॉन्टही मिळतात, पण फॉन्टमधलं मोडी म्हणजे छापील, प्रत्येक क सारखा. खऱ्या कागदात चिटणिसाचा हात वेगळा, कुलकर्ण्याचा वेगळा, म्हणून एका अक्षराचे चार हातांतले चार तुकडे कापून चार कार्डं करावीत. वेळ जातो, मान्य आहे, पण कापताना तो कागद इतक्या वेळा डोळ्याखालून जातो की अर्धं काम तिथेच झालेलं असतं. म्हणूनच तयार डेक, म्हणजे दुसऱ्याने बनवलेले कार्डांचे गठ्ठे, उतरवून घेण्याच्या मी विरोधात आहे, निदान मोडीसाठी तरी. मुलं कशी शिकतात यावर काम करणारा सीमोर पॅपर्ट म्हणायचा तसं, वस्तू स्वतः घडवताना डोक्यात काहीतरी घडतं. मेडिकलवाल्यांना एवढा वेळ नसतो, त्यांचं वेगळं.

आता तक्रारी. सेटिंगचं पान म्हणजे सरकारी फॉर्म आहे, अर्ध्या रकान्यांचा अर्थ लागत नाही आणि लावायची गरजही नाही. रोजची नवीन कार्डं मुळात 20 ठेवलेली असतात, ती नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्याने सरळ कमी करावीत कारण आज टाकलेलं प्रत्येक कार्ड पुढे व्याजासकट परत येतं. चार दिवस लग्नाला गेलात की आल्यावर शेकडो कार्डं दारात उभी. किती टक्के लक्षात राहावं तो आकडा 90 असतो, हौसेने 97 करू नका, उजळणी भयंकर वाढते. आणि जळू! एखादं कार्ड आठ वेळा हातातून निसटलं की ॲप त्याला जळू (लीच) ठरवून तशी खूण लावतं. लोक चिडतात पण हे मला फार शहाणपणाचं वाटतं, ते कार्डच वाईट बनलेलं असतं, फोडून दोन करा नाहीतर दुसरा फोटो लावा.

अजून एक गोष्ट अँकी करत नाही आणि त्याबद्दल त्याला वेगळे मार्क. काही पैसे घेणारी ॲप्स सुरुवातीलाच प्रश्नावली देऊन सांगतात की तुम्ही व्हिज्युअल लर्नर, तुम्ही ऑडिटरी लर्नर. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हे सगळं संशोधन तपासलं आणि त्या पद्धतीने शिकवावं असं म्हणायला पुरेसा आधार सापडला नाही. मोडी डोळ्यानेच वाचायची आहे, तुम्ही कोणीही असा.

मार्क द्यायचे तर अक्षरं, आकडे, महिने, संक्षेप यासाठी पाचपैकी पाच. कागद वाचायला शिकण्यासाठी पाचपैकी दोन, तेही इमेज ऑक्लुजनमुळे. आठदहा दिवसांत मोडी वाचायचीय अशा घाईतल्यांनी घेऊच नका, त्यापेक्षा वाचून देणाऱ्याला पैसे द्या. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड हेच नाव बघून घ्या, अँकी नावाची नकली ॲप्स स्टोअरवर बरीच आहेत. आयफोनवर मात्र अँकीमोबाइल विकत आहे, साधारण 25 डॉलर, एकदाच भरायचे, म्हणून आयफोनवाल्यांनी आधी ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून महिनाभर वापरून बघा, रोज उघडलं जातंय असं दिसलं तरच पैसे भरा.