एकच पणजोबा, दोन घरांच्या भिंतींवर

आमच्या उदगीर भागात "निजामकालीन नोंद, वंशावळ आणि जुना फोटो, सगळं एका हाती काढून देतो" म्हणणारा कुणी तुमच्या ओसरीवर येऊन टेकला, तर पैशाचं बोलणं काढायच्या आधी हे वाचा. आमच्या थोरल्या काकांचे ४२,००० रुपये असेच गेले.

माणूस बोलायला गोड. गळ्यात कसलंसं ओळखपत्र, खांद्याला पिशवी, पिशवीत उर्दू कागदांच्या झेरॉक्सची चळत. "दादा, हैदराबाद गॅझेटमध्ये तुमच्या पणजोबाचं नाव मी ह्या डोळ्यांनी बघितलंय की!" इथंच त्याला उठवायला हवं होतं. मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रासाठी हैदराबाद गॅझेट, म्हणजे निजाम राज्याचं जुनं सरकारी माहितीपुस्तक, धरायचं म्हणणारा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय निघाल्यापासून गॅझेटचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, पण त्यात असतात ते कुठं कुठल्या जातीची किती माणसं राहतात याचे आकडे. माणसांची नावनिशीवार यादी ते नाही. तुमच्या पणजोबांचं नाव "गॅझेटात" सापडलं म्हणणारा थापा मारतोय, एवढं धरून चाला.

चहा झाला, वही निघाली. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, पणजीचं माहेर, जमिनीचा सर्व्हे नंबर, भाऊबंद किती, कोण बिनवारस गेलं, सगळं त्यानं विचारलं आणि आमच्या आत्यानं हौसेनं सांगितलं. आत्याला असं कुणी विचारतच नाही कधी. महिनाभरानं त्यानं हेच सगळं लॅमिनेट करून आणलं. वंशावळीत आत्यानं सांगितलं नव्हतं असं एकही नाव नव्हतं! फक्त वरती त्यानं स्वतःच्या मनानं दोन पिढ्या चढवल्या होत्या. पैसे मात्र टप्प्याटप्प्यानं गेले: आधी आगाऊ, मग "रेकॉर्ड रूमच्या साहेबांचे", मग "हैदराबादहून नक्कल मागवायचे". सगळे फोनवरून, आणि दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यावर.

नोंद म्हणून दिलेला कागद मोडीत होता, फसली (निजामाच्या राज्यातलं महसुली साल) १३२२ चा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे साधारण १९१२-१३. पिवळट, कडा कुरतडलेल्या, बघणाऱ्यानं हात जोडावेत असा. मी तो छत्रपती संभाजीनगरला मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांना दाखवला. त्यांनी चष्माही लावला नाही. म्हणाले, "ह्यातला प्रत्येक 'क' सारखाच आहे, बघा. बोरूनं लिहिणाऱ्याच्या हातून दोन अक्षरं हुबेहूब होत नाहीत. हा कॉम्प्युटरचा फाँट आहे." मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि खाली सलग लिहीत जातात, शब्द सुटे पाडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा तर मोडीत पत्ताच नसतो. आमच्या कागदात शब्द सुटे, वेलांट्या आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम! कागद चहाच्या पाण्यातून काढला असावा. घडीच्या आत जिथं पाणी पोचलं नाही तिथं तो पांढराफेक होता.

मोडी येत नसली तरी हा कागद पकडता आला असता. त्यावर "जिल्हा लातूर" होतं. लातूर जिल्हा झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये. निजामाच्या काळात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते, १९५६ साली ते उस्मानाबादला जोडले गेले. जालन्याच्या लोकांनीही हे ध्यानात ठेवावं, त्यांचा जिल्हा १९८१ चा. हिंगोलीचा १९९९ चा. शिवाय पणजोबांचं नाव आजच्यासारखं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं लिहिलेलं. निजामी कागदात "अमुक वल्द तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, असं असतं.

आता फोटो. "तुमच्या पणजोबाचा गावच्या पाटलांबरोबरचा ग्रुप फोटो हैदराबादच्या एका जुन्या स्टुडिओत सापडला, त्यातून वेगळा काढला," असं सांगून त्यानं फेटेवाला, भरघोस मिश्यांचा, करड्या रंगातला फोटो फ्रेम करून दिला. काका म्हणाले, नाक आपल्यासारखंच आहे. (फेटा आणि मिशा असल्या की नाक कुणासारखंही दिसतं.) पुढं अहमदपूरकडे एका लग्नाला गेलो, तर नवरीच्या घरात दर्शनी भिंतीवर हार घालून आमचे पणजोबा! तोच फेटा, तीच मिशी, फक्त उपरणं रंगवलेलं. त्यांनाही तोच माणूस भेटला होता. दोन्ही घरांचं नातं व्हायच्या आधीच पणजोबा एक झाले, म्हणून तिथं बरंच हसं झालं. काका हसले नाहीत.

पैशापेक्षा मोठा धोका वेगळा होता. चुलतभाऊ हाच कागद पोरीच्या जातप्रमाणपत्राच्या अर्जाला जोडायला निघाला होता. खोटी कागदपत्रं देऊन प्रमाणपत्र घेतलं तर राज्याच्या २००० सालच्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. अडकतो अर्जदार. कागद करून देणारा तोवर दुसऱ्या तालुक्यात.

खरी नोंद काढायला एवढा खर्च लागत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करा, फी किरकोळ असते. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीच्या पाहणीची जुनी नोंद) हाताशी लागलं की तिथून मागं जाता येतं. आमचं तसंच झालं. पणजोबांच्या जमिनीचा उर्दू कागद मिळाला, तो एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी चहावर वाचून दिला. मोडीसाठी पुराभिलेख खात्याचं संभाजीनगरला कार्यालय आहे. एजंट धरायचाच असेल तर त्याला एवढंच विचारा: मूळ दप्तर कुठल्या कार्यालयात, कुठल्या गठ्ठ्यात आहे? मी स्वतः अर्ज करतो. आमचा माणूस ह्या प्रश्नावर "ते गोपनीय असतंय" म्हणाला होता.

पैसे फोनवरून गेले असतील तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते. आम्हाला उशीर झाला, पैसे अजून आलेले नाहीत. तक्रार मात्र दिलीय, अहमदपूरच्या त्या घरानंही दिलीय. काका रागाच्या भरात तो मोडी कागद चुलीत घालायला निघाले होते. असला कागद जाळू नका, फाडू नका, त्यावर पेनानं काही लिहू नका. खोट्या दस्तऐवजाचा पुरावा तोच असतो, आणि ठाण्यात सगळ्यात आधी तोच मागतात.