ओट्याचा काळा रंग फडक्याला लागला तेव्हा

स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा नवा ओटा बसवून जेमतेम पाच महिने झाले होते. नळाच्या बुडाशी एक फिकट गोल उमटला. पाण्याचे क्षार साचले असतील म्हणून मी तो घासला, तर गोल आणखी पसरला आणि हातातलं पांढरं फडकं काळपट झालं. दगडाचा रंग फडक्याला लागलेला पाहून मी थोडा वेळ नुसतीच उभी राहिले.

मला काळाभोर, एकही ठिपका नसलेला ओटा हवा होता, आणि तो स्वस्तात हवा होता. सुरुवात तिथूनच झाली. दुकानदाराने आधी आरशासारखा लखलखीत वीतभर तुकडा हातात दिला. मग मागे नेऊन उभे लावलेले स्लॅब दाखवले, तेही पाण्याचा पाइप मारून. “धूळ असते ना ताई, धुतल्याशिवाय रंग कळत नाही.” ओला केला की कुठलाही दगड गडद दिसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. तो सुकेपर्यंत आम्ही थांबलोच नाही. “रंग जाणार नाही ना?” असं मी विचारलंसुद्धा होतं. त्यावर तो हसला. “ताई, दगड आहे हा. दगडाचा रंग जातो का कधी?”

आता पुरावा. ओटा बसवायच्या दिवशी सिंकसाठी कापलेला चौकोन कारागीर उचलून न्यायला निघाले होते. “कचरा आहे, आम्ही टाकतो.” कुंडीखाली ठेवायला होईल म्हणून मी तो ठेवून घेतला, बाकी काही हुशारी नव्हती. फडकं काळं झाल्यावर तो आठवला. कुंडी बाजूला करून, माती धुऊन त्याची कापलेली कड उन्हात धरली. वरचे दोन-तीन मिलिमीटर काळे आणि खाली सगळा राखाडी दगड, पांढरे-करडे कण स्पष्ट दिसत होते. जणू राखाडी पाटीला वरून शाई पाजली होती. मग ओट्याच्या कडा काळ्या कशा? कारण कटिंग झाल्यावर कारागिरांनी कडांना काळं काहीतरी चोळून पॉलिश केलं होतं. माझ्यासमोर केलं. किती निगुतीने काम करतायत, असं मला वाटलं होतं!

दगडकाम करणाऱ्या एका ओळखीच्या मिस्त्रींना तो चौकोन दाखवला. त्यांनी नखाने कड खरवडली आणि म्हणाले, “रंगवलेला माल आहे, ताई.” मग मी जरा वाचलं, तेव्हा एक गंमत कळली. काळा ग्रॅनाइट म्हणून जो अस्सल दगड मिळतो, तो भूशास्त्राच्या हिशेबात बहुधा ग्रॅनाइट नसतोच. डोलेराइट किंवा गॅब्रो नावाचा मुळातच गडद खडक असतो. ही फसवणूक नव्हे. धंद्यात चांगलं पॉलिश घेणाऱ्या बऱ्याच कठीण दगडांना सरसकट ग्रॅनाइटच म्हणतात. खरा ग्रॅनाइट क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा, म्हणून तो करडा, गुलाबी किंवा पांढरट, ठिपक्याठिपक्यांचा. अस्सल काळा दगड घट्ट असतो, पाणी फारसं शोषत नाही. माझ्या वाट्याला आलेला करडा दगड शोषणारा होता, आणि जो पाणी पितो तो रंगही पितो.

मिस्त्रींनी तेवढ्यात टेपही लावला. ठरले होते 20 मिलिमीटर, भरले 16. ओट्याची पुढची कड जाडजूड दिसत होती, कारण खालून पट्टी चिकटवून तिला गोलाई दिली होती. पट्टी लावणं गैर नाही, सगळेच लावतात; पण त्यामुळे आतली जाडी कळत नाही. सिंकच्या पुढे जी अरुंद पट्टी उरते, पातळ दगड तिथेच तडकतो. माझा अजून तडकलेला नाही, पण जड भांडं तिथे ठेवताना हात आपोआप आवरतो.

दुकानदाराकडे गेले. “तुम्ही कुठलं तरी केमिकल वापरलं असेल.” बिल काढलं, तर त्यावर नुसतं ‘ब्लॅक ग्रॅनाइट’. ना जातीचं नाव, ना जाडी, ना लॉट. भांडायला माझ्या हातात कागदच नव्हता.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा दाखवायचा तुकडा बाजूला ठेवा आणि जो स्लॅब घरी येणार आहे त्याचीच कापलेली किंवा तुटलेली कड बघा. आत-बाहेर रंग एक हवा. नेलपॉलिश काढायचं एसीटोन पांढऱ्या कापडावर घेऊन कोरड्या दगडावर जोर लावून घासा. नुसतं मेण असलं तरी कापड थोडं मळतं, तेवढ्याने घाबरू नका. पण खालचा दगड फिका पडला, तर उठा आणि निघा. पॉलिश नसलेल्या मागच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. डाग लगेच गडद होऊन पसरला, तर दगड पाणी पिणारा आहे. मागे जाळी चिकटवलेली असेल, तर स्लॅबला आधाराची गरज का पडली ते विचारा. पसंत पडलेल्या स्लॅबच्या मागे सही करा, फोटो काढा, आणि नाव-जाडी बिलावर लिहून घ्या. सिंकचा चौकोन मागून घ्या. तो तुमचाच आहे, पैसे त्याचेही घेतलेले असतात.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीबरोबर दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिने पर्समधून कापूस आणि एसीटोनची बाटली काढली. मालक गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, “ताई, त्या लॉटवर नको. या इकडे, चांगला माल दाखवतो.”