स्टॅटिस्टिक्सच्या ऑनलाइन कोर्सच्या नावाखाली कर्ज गळ्यात मारतात, सावध राहा

आधी आकडे सांगते. डेमोचे ४९९ रुपये, कोर्सची फी १८,००० आणि सर्टिफिकेटचे ४,७२०. एकूण २३,२१९ रुपये. यातले १८,००० मी क्लासवाल्यांना हातात दिलेलेच नाहीत, माझ्या नावावर कर्ज काढून त्यांनी ते एका दिवसात उचलले आणि आता दर महिन्याला १,५०० माझ्या खात्यातून कापले जातात. कोर्स केव्हाच बंद पडला, हप्ता मात्र चालू आहे.

मी अकाउंट्समध्ये काम करते. एक्सेल रोजचंच आहे, पण नुसत्या बेरजा-टोटलवर आता भागत नाही, रिपोर्टमध्ये ट्रेंड सांगा, फरक खरा आहे की योगायोग ते सांगा असं विचारतात. बारावीनंतर गणिताला हात लावला नव्हता, नोकरी आणि घर सांभाळून कॉलेजात जाणं शक्य नाही, म्हणून ऑनलाइन बेसिक कोर्स शोधला. लोक म्हणतात लोभापायी फसलीस, यात लोभ कुठे आला सांगा? मी काय पैसे दुप्पट करायला निघाले नव्हते, शिकायला निघाले होते.

जाहिराती कशा असतात ते तुम्हाला माहीतच आहे, झिरोपासून शिका, लाइव्ह क्लास, शेवटच्या काही सीट, आवडलं नाही तर पूर्ण पैसे परत. त्यात काही नवीन नव्हतं. पण डेमो खरंच चांगला होता आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण "डेमो बघून कळलं नाही का" असं विचारणारे खूप भेटलेत. शिकवणाऱ्याने पगाराचं उदाहरण घेतलं, चौघांना २०,००० आणि पाचव्याला ३ लाख, तर सरासरी येते ७६,००० आणि मिडियन (पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) २०,०००, म्हणजे नुसती सरासरी सांगून कुणीही तुम्हाला गंडवू शकतं. इतकं सोपं करून मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याच डेमोच्या शेवटच्या स्लाइडवर काय, तर "आमच्या विद्यार्थ्यांचं सरासरी पॅकेज" आणि खाली "९८ टक्के प्लेसमेंट". मिडियन किती ते नाही. ९८ टक्के कितीजणांपैकी ते नाही, कोर्स अर्धवट सोडलेले धरले की वगळले ते नाही. अर्ध्या तासापूर्वी ज्याने शिकवलं त्यानेच तीच हातचलाखी आमच्यावर केली आणि चॅटमध्ये सगळे टाळ्यांचे इमोजी टाकत होते.

आता तो फोन, जो आठवला की अजून झोप उडते. काउन्सेलर मुलगी, आवाज अगदी गोड, "मॅडम, तुम्हाला स्कॉलरशिप लागलीय, २९,९९९ ची फी फक्त १८,०००, तीही महिन्याला १,५०० अशी सोयीने भरा, आवडलं नाही तर पुढच्या महिन्यापासून बंद करा." मी स्पष्ट विचारलं, हे लोन वगैरे नाही ना? "नाही मॅडम, आमचीच इंटर्नल ईएमआय आहे." मग पॅन आणि आधारचा फोटो मागितला, ॲडमिशनसाठी म्हणून. मग म्हणाली, सीट लॉक करायला एक ओटीपी येईल तो सांगा. फोन कानाला, ओटीपीचा मेसेज स्क्रीनच्या वर दोन सेकंद दिसला, त्यात फक्त पहिली ओळ दिसते, सहा आकडे आणि "आपला ओटीपी". मी आकडे वाचून दाखवले. मेसेज उघडून खाली गेलं असतं तर दुसऱ्याच ओळीत होतं, "कर्ज करारावर सही करण्यासाठी". कर्ज करार! हा शब्द तिथे होता, माझ्याच फोनमध्ये होता, आणि ती मुलगी मुद्दाम मला बोलण्यात गुंतवून ठेवत होती, बॅच कुठली हवी, सकाळची की रात्रीची, लॅपटॉप आहे का, म्हणजे मी कानावरचा फोन खाली घेऊन मेसेज वाचूच नये. चालू कॉलवर कोण मेसेज पूर्ण वाचतं? तुम्ही वाचता? त्यांना हे पक्कं ठाऊक असतं, त्याचाच तर धंदा आहे. तेव्हा ओटीपी मागितला की फोन सरळ कट करा, मेसेज शेवटपर्यंत वाचा आणि मग हवं तर परत फोन करा. ज्याला खरंच शिकवायचंय तो पाच मिनिटं थांबतो.

लाइव्ह क्लास पहिले काही दिवस झाले, नंतर "सर आजारी आहेत, सध्या रेकॉर्डिंग बघा" सुरू झालं. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक स्लाइडच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक राखाडी धुरकट चौकोन. मला वाटलं व्हिडिओची क्वालिटी असेल. शिवाय आवाज आणि माऊसचा बाण जुळायचा नाही, बोलणं चालू असायचं एका गणिताचं आणि बाण पुढच्या गणिताखाली रेघ ओढत असायचा. नंतर सापडलं, तेच व्हिडिओ एका परदेशी विद्यापीठाने फुकट ठेवलेत, त्या धुरकट चौकोनाखाली त्यांचा लोगो होता, यांनी फक्त वरून आपला आवाज चिकटवला. फुकटचा माल १८,००० ला.

आणि जे स्वतःचं शिकवलं ते तर धड चूक. पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे नल हायपोथेसिस (खरा फरक नाही, दिसतोय तो योगायोग, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के, असं लिहून घेतलं आमच्याकडून! अहो, तसं नाहीये ते. नल खरी आहे असं धरलं तर असा किंवा याहून टोकाचा डेटा मिळण्याची शक्यता ३ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये याच गोंधळावर जाहीर निवेदन काढलंय, त्यात हे स्वच्छ लिहिलंय. एक्सेलमध्ये सॅम्पलचा (अख्ख्या गटातून निवडलेल्या थोड्यांचा) डेटा घेऊन एसटीडीईव्ही.पी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजायचं, पण अख्ख्या गटासाठीचं सूत्र) वापरायला लावलं, एका मुलाने ग्रुपवर विचारलं की सॅम्पल आहे तर त्यासाठीचं एसटीडीईव्ही.एस नको का, एन (आकड्यांची संख्या) वजा १ ने भागायला हवं ना, तर उत्तर द्यायचं सोडून ॲडमिनने त्याचा मेसेजच उडवला आणि त्याला ग्रुपमधून काढलं. प्रश्न विचारला की ग्रुपमधून काढतात असा क्लास दिसला तर त्याच दिवशी लेखी रिफंड मागा, कर्जाच्या कागदात सुरुवातीला रद्द करायची मुदत असली तर ती याच गडबडीत निघून जाते. माझी गेली.

सर्टिफिकेटचे ४,७२० का भरले असंही विचाराल. कारण "विद्यापीठाची मान्यता" म्हणाले आणि ऑफिसात दाखवायला कागद हवा होता. आला तो एक पीडीएफ, त्यावरच्या क्यूआर कोडने त्यांचंच होमपेज उघडतं. मान्यता म्हणाले की त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर यांचं नाव शोधा, यांनी दिलेल्या लिंकवर नाही.

आता तक्रारीचं ऐका. क्लासवाले म्हणतात, मॅडम पैसे तुम्ही फायनान्स कंपनीकडून घेतलेत, त्यांच्याशी बोला. फायनान्स कंपनी म्हणते, आम्ही पैसे क्लासला दिले, क्लासने रद्द केलं तर आम्ही रद्द करू, तुमची डिजिटल सही आहे आमच्याकडे. बँकेत ऑटो-डेबिट थांबवायला गेले तर ॲपवरून करा, ॲपमध्ये "शाखेशी संपर्क साधा". थांबवलं तर क्रेडिट स्कोअर पडेल हे मात्र सगळ्यांनी न विचारता सांगितलं. पोलिसांकडे गेले तर समोरच्या साहेबांचं पहिलं वाक्य, "ओटीपी तुम्हीच दिला ना?" जसं काही आरोपी मीच. मग म्हणे व्हिडिओ तर दिलेत ना त्यांनी, मग फसवणूक कशी, हे सिव्हिल मॅटर आहे. मी तो धुरकट चौकोन आणि मूळ व्हिडिओ शेजारी-शेजारी लावून दाखवले, तर म्हणाले मॅडम हे कॉपीराइटचं वेगळं खातं. पी-व्हॅल्यूचं सांगायला गेले तर हसले. माझ्यासारख्या बाईने तिथे तासन् तास बसून राहायचं, सुट्टी टाकायची, झेरॉक्स काढायच्या, आणि ज्याने खोटं बोलून सही घेतली त्याला साधा एक फोन लावून विचारायलाही कुणी तयार नाही! ऑनलाइन तक्रार केली तिचं स्टेटस आपोआप "निकाली" झालं. काय निकाली काढलं, कुणी काढलं, काही नाही. ज्या ॲपवर जाहिरात बघितली तिथे रिपोर्ट केलं तर उत्तर आलं, ही जाहिरात नियमात बसते. ९८ टक्के प्लेसमेंट नियमात बसते, आणि मी कुठल्याच नियमात बसत नाही.

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी आधी पैसे काढूच नका. ओपनस्टॅक्सचं इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स हे अख्खं पुस्तक फुकट आहे, मी आता तेच वाचतेय, खान अकॅडमीवर व्हिडिओ आणि सरावाची गणितं फुकट आहेत, आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कुठलाही कोर्स बघताना अभ्यासक्रम उघडा, प्रोबॅबिलिटी (शक्यतेचं गणित) आणि सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन (सॅम्पल बदललं की उत्तर किती बदलतं ते) गाळून थेट हायपोथेसिस टेस्टवर उडी मारली असेल तर तो कोर्स शिकवायला काढलेलाच नाही. आणि "ईएमआय" शब्द ऐकला की एकच प्रश्न, हप्ता कुणाच्या नावाने कापला जाणार? उत्तर लेखी घ्या.

हप्ते थांबवायच्या आधी फायनान्स कंपनीला ईमेलवर लेखी हरकत पाठवा, फोनवरचं बोलणं कुणी मानत नाही. आपलं क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, माझ्यासोबतच्या दोघींना तोपर्यंत पत्ताच नव्हता की त्यांच्याही नावावर कर्ज आहे. मी आता ग्राहक आयोगात जातेय. त्याच क्लासने नाव बदलून परत जाहिरात सुरू केलीय, स्लाइडवर तेच ९८ टक्के. तुमच्याकडे त्यांच्या कॉलचं रेकॉर्डिंग, ओटीपीचा पूर्ण मेसेज, ग्रुपमधले स्क्रीनशॉट असतील तर काहीही पुसू नका, जपून ठेवा, आपल्या सगळ्यांच्या केसमध्ये तेच लागणार आहे.